मामाकडचं केळवण

सृष्टीचा मेसेज आला तेव्हा मी ओट्यापाशी केळीची पानं पुसत होते. ‘मामी, उद्या ऋषीपण येतोय. आई हो म्हणाली.’ त्यापुढे एक हसरा चेहरा. मी तो मेसेज पुन्हा वाचला, आणि हातातलं पान शिरेपाशी टर्रकन फाटलं. खरं तर आनंद व्हायला हवा होता. झालाही; पण त्याच्या आधी धास्ती वाटली. तीन वर्षं मी हेच मागत होते. माझी नणंद भाग्यश्रीताई, तिची मुलगी सृष्टी आणि धाकटा ऋषी, तिघांनी पुन्हा या घरात पाऊल ठेवावं. पुढच्या महिन्यात सृष्टीचं लग्न. मुलीचं केळवण मामाकडे व्हायलाच हवं, म्हणून सृष्टी आणि ताई अर्धा दिवस येऊन जेवून जातील, इतपत आम्ही जुळवत आणलं होतं. ऋषी येईल हे माझ्या हिशेबात नव्हतं. फाटलेलं पान मी बाजूला ठेवलं, मग उगीचच परत उचललं आणि त्याच्या दोन्ही कडा जुळवून पाहत बसले.

आमच्या सोसायटीत माझं एक नाव आहे. नम्रताकडे जेवायला गेलं की कुणाचं काही अडत नाही, असं लोक म्हणतात, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडतं. कुणाला साखर आहे, कुणाला गुडघे आहेत, कुणाचं बाळ अंगावर पितंय, कुणाला उदबत्तीच्या वासानं मळमळतं, हे मला विचारावं लागत नाही. माणूस दारातून आत येताना मी बघून ठेवते. माझं माहेर शनिवार पेठेतलं. तिथे पाहुण्याला ‘जेवूनच आला असाल’ असं दारातच सांगून मोकळे व्हायचे. माझी आई तर चहाचा कप पुढे करताना तो किती भरलाय ते स्वतः वाकून बघायची. त्याचा सूड म्हणून मी अशी झाले, असं विक्रम म्हणतो. विक्रम माझा नवरा. तो गमतीनं म्हणतो, मी गमतीनं घेते. पण एक गोष्ट त्याला कळत नाही. चार माणसांच्या चार गरजा सांभाळणं मुळीच कठीण नाही. कठीण असतं ते दोन माणसांच्या गरजा एकमेकींच्या छातीवर बसतात तेव्हा. उद्या माझ्या घरात एक मुलगा असणार होता ज्याला आवाज सहन होत नाही, आणि एक म्हातारा असणार होता ज्याला आवाजाशिवाय काही कळत नाही. आणि तो म्हातारा त्या मुलाचा आजोबा होता.

माझ्या सासऱ्यांचा, आबांचा आवाज ज्यानं ऐकला नाही त्याला तो सांगून कळणार नाही. आमची ही इमारत त्यांच्याच उसाच्या वावरावर उभी आहे. ऐन उमेदीत ते इथे रात्री-बेरात्री पाणी धरायचे. एका बांधावरून दुसऱ्या बांधावरच्या गड्याला हाक घालायची, तीही मध्ये उभा ऊस असताना. ऊस गेला, बांध गेले, वावराचे मजले झाले. हाक तेवढी राहिली. पुढे कान गेले तशी ती आणखी चढली, कारण स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येईपर्यंत माणूस थांबत नाही. लग्न होऊन मी आले तेव्हा मला वाटायचं हे सारखे रागावलेले आहेत. ते मीठ मागत असायचे. मी त्यांच्यासाठी कानातलं मशीन आणलं. ते म्हणाले, “ह्यात समदंच वाजतंय. चमचा वाजतोय, पंखा वाजतोय. मान्साचं तेवढं वाजत न्हाई.” मी म्हटलं, सवय होईल. पाहुणे आले की मी मशीन त्यांच्या कानात घालते आणि पाहुणे गेले की ते काढून डब्यात टाकतात.

तीन वर्षांपूर्वीचा दसरा. सोनं द्यायला सगळे जमलेले. ऋषी तेव्हा आठ वर्षांचा. शूजच्या कपाटामागच्या कोपऱ्यात पंख्याकडे बघत उभा होता. बोलत फारसा नाही तो, पण पंख्याकडे बघताना त्याचा चेहरा इतका निवांत असतो की बघणाऱ्यालाही बरं वाटतं. आबांना नातवाला सोनं द्यायचं होतं. त्यांनी हॉलच्या या टोकाहून हाक घातली, “अरं ये की हिकडं!” ऋषीनं कान दाबले. मुलानं ऐकलं नाही असं वाटून आबांनी आणखी मोठ्यानं हाक मारली, उठले, जवळ जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग ती किंकाळी. ती मला अजून आठवते. आठवते म्हणजे कानात नाही, दाढांच्या मुळाशी. त्यानं दोन्ही हातांनी आबांना ढकललं, आबा कपाटावर आपटून खाली बसले, आणि खाली बसल्या बसल्या सगळ्यांदेखत म्हणाले, “बांधून ठेवत जा ह्याला.” ताईनं ऋषीला उचललं. आठ वर्षांचा मुलगा काही हलका नसतो. ती तशीच अनवाणी जिने उतरून गेली. लिफ्टसाठी थांबलीसुद्धा नाही.

त्यानंतर भाऊबीज विक्रम खडकीला जाऊन करून यायचा. ताई आणि तिचे यजमान फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये राहतात. तिथे चहा घ्यायचा, ओवाळून घ्यायचं, परत यायचं. आबांचं नाव दोघंही काढत नसत. लग्न ठरलं तेव्हा मात्र ताईनं त्याला स्पष्ट सांगितलं, “पत्रिकेत त्यांचं नाव घालीन. पण हॉलवर त्यांना आणू नकोस. त्या दिवशी मला ऋषीला सांभाळायचंय, त्यांना नाही.” विक्रम घरी येऊन हे सांगताना बेसिनवर तोंड धुवत होता, बराच वेळ धुवत होता. थोरल्या नातीच्या लग्नात आबा नसणार. एरवी ‘आज वार कोणता’ हे विसरणारे आबा ‘सृष्टीचं लगीन कधी’ हे मात्र रोज सकाळी विचारतात. हॉलवर यायचं नाही, हे त्यांना कुणी आणि कसं सांगायचं होतं? मी मनाशी ठरवून टाकलं होतं, केळवणाला दोघांना एका छपराखाली आणायचं, काही म्हणजे काही होऊ द्यायचं नाही, आणि मग ताईकडे शब्द टाकायचा. ऋषी येणार म्हणजे तर हा दिवस जिंकायचा किंवा कायमचा घालवायचा. मधलं काही नव्हतं.

म्हणून मी घर वाटून टाकलं. सरळ सांगते, तेव्हा मला माझंच कौतुक वाटत होतं. मागची खोली रस्त्यापासून लांब, तिला जाड पडदे, आणि तिथला पंखा न वाजणारा, ती ऋषीची. ती एरवी आबांची असते, पण एका दिवसाचा तर प्रश्न. त्यांच्या कॉटवरच्या गोधड्यांची चळत तशीच ठेवली, गादीवर नवी चादर घातली. आबा हॉलमध्ये, दिवाणावर, उजेडात, म्हणजे त्यांना समोरच्याचे ओठ दिसतील; मशीन कानात. कुकर आधीच लावून घ्यायचा. मिक्सर बंद. फुगे नाहीत, टाळ्या नाहीत. बेल काढून दारावर चिठ्ठी. पापड-कुरडया तळायच्याच नाहीत, कारण खाताना होणाऱ्या कुरकुर आवाजानं ऋषी अस्वस्थ होतो, हे सृष्टीनं एकदा बोलता बोलता सांगितलेलं माझ्या लक्षात होतं. विक्रम म्हणाला, “आबा कुरडई मागतील.” म्हटलं, “मागू देत.” तो म्हणाला, “नमू, हे केळवण आहे की परीक्षेचं केंद्र?” मी दारावरची चिठ्ठी लिहायला घेतली.

रविवारी सकाळी आबांना समोर बसवून मी सगळं सांगितलं. मशीन नीट बसवलं, हळू, तोंड उघडून बोलले. “आबा, आज तुमच्या खोलीत ऋषी बसणार आहे. तुम्ही तिकडे जायचं नाही. झोप आली तर इथे दिवाणावर पडा.” आबांनी मान हलवली. “बरं बरं.” “आणि आवाज जरा खाली.” “बरं.” त्यांनी दर वाक्याला मान हलवली, आणि मला वाटलं काम झालं. बहिऱ्या माणसाबरोबर वीस वर्षं राहूनही मला हे सुचू नये? न ऐकू येणारा माणूस पुन्हा पुन्हा ‘काय?’ म्हणायचा कंटाळतो. समोरच्याचा चेहरा प्रश्न विचारतोय असं वाटलं की तो मान हलवतो. पण त्या सकाळी माझ्या डोक्यात पुरण, पोळ्या, पडदे आणि बेल यांची इतकी दाटी झाली होती की आणखी एका शंकेला आत शिरायला जागाच नव्हती.

ताई आणि मुलं आली. ताईचे यजमान आले नाहीत, त्यांना ड्यूटी होती. तसं सांगण्यात आलं. ऋषी केवढा उंच झाला होता! त्यानं निळे मोठे हेडफोन कानांवर दाबून धरले होते, आणि तो कुणाकडेही न बघता भिंतीला खांदा घासत माझ्या मागोमाग खोलीत गेला. पंखा पाहिला. कॉटवर बसला. मी त्याच्या ताटाची तयारी दाखवत ताईला म्हटलं, “याचा कोरडा भात वेगळा काढलाय, वरणाचा डाव त्याला लागलेला नाही.” ताईनं सगळीकडे नजर फिरवली. पडद्यांवर, नव्या चादरीवर, खिडकीत मी मुद्दाम ठेवलेल्या पाण्याच्या घंगाळावर, कारण त्याला पाणी आवडतं. “किती विचार केलास गं,” ती म्हणाली. आवाज सपाट होता. मग म्हणाली, “आणि ते कुठे असतात सध्या?” “आबा हॉलमध्ये आहेत.” “हं. म्हणजे मधे तीन भिंती. पुरतील.” ती टोमणा मारत होती की आभार मानत होती, मला ठरवता येईना. मी हसले. ती नाही हसली.

हॉलमध्ये तिनं आबांना लांबून वाकून नमस्कार केला. आबांनी हात वर केला. ते काही बोलले नाहीत, कारण आवाज खाली ठेवायचा एवढं मात्र त्यांना पोचलं होतं. आणि आवाज खाली ठेवायचा म्हणजे त्यांच्या लेखी गप्प बसायचं. मुलगी तीन वर्षांनी समोर आली, आणि बाप मी सांगितलं म्हणून तोंड मिटून बसला. मला ते दिसलं. दिसून गलबललंही. तरी मी आमटी ढवळायला आत गेले.

मुक्ताआत्या, म्हणजे आबांची बहीण, खुर्चीवर बसून पंगतीची पाहणी करत होत्या. “कुरडई न्हाई? पापड न्हाई? आन् ही समदी कुजबुजत्यात का? कुनी गेलंय व्हय?” सृष्टी फस्सकन हसली. मागोमाग विक्रमही हसला. आबांच्या कानातल्या मशीननं त्या हसण्याचं काय केलं असेल ते त्यांनाच माहीत. त्यांनी डोळे बारीक केले, मशीन उपटून खिशात टाकलं. मला ते दिसलं. मी म्हटलं, जेवताना घालू.

औक्षणाची वेळ झाली. सृष्टी पाटावर, भोवती रांगोळी, समोर पान. मी ताईला बोलवायला गेले. ती ऋषीपाशी बसली होती. “दोनच मिनिटं, ताई. आईनं आधी कुंकू लावायचं.” “तो एकटा राहील?” “इकडे कुणी येणार नाही. मी सगळ्यांना सांगून ठेवलंय.” ती उठली. माझ्या शब्दावर उठली. मी निरांजन तिच्या हातात दिलं, तिनं मुलीला ओवाळलं, सृष्टीच्या डोळ्यांत पाणी आलं, विक्रमनं साडी पदरात घातली. मी फोटो काढत होते. फोनच्या चौकटीत सगळे दिसत होते: सृष्टी, ताई, विक्रम, खुर्चीवर आत्या. दिवाण रिकामा होता. मी फोन खाली केला, तरी तो रिकामाच होता.

ताईनंही त्याच क्षणी पाहिलं. आम्ही दोघी पॅसेजमध्ये कशा पोचलो आठवत नाही. दार बंद होतं. मी ते हलकेच ढकलून पाहिलं. कडी आतून लावलेली. आबा दुपारी पडताना कडी लावतात, रोज लावतात. शेतातल्या वस्तीवर राहिलेल्या माणसाची सवय. ते आपल्या खोलीत आपल्या कॉटवर आडवं व्हायला गेले होते, आणि त्या कॉटवर ऋषी होता.

विक्रम मागून आला. त्यानं दारावर मारायला मूठ उगारली, आणि ताईनं ती हवेतच धरली. “नको! दार वाजलं तर तो—” मी बोटानं अगदी हळू टकटक केलं. हळू टकटक आबांना कशी ऐकू जाणार? जोरात ठोठावलं तर ऋषी किंचाळणार. हळू ठोठावलं तर आबा उठणार नाहीत. हाक मारायची तर तेच. आबांना फोन लावावा, तर तो हॉलमध्ये चार्जिंगला. खिडकीला जाळी, आणि बाहेर पाच मजले हवा. सगळ्या पाहुण्यांचा सगळा विचार केलेल्या माझ्या घरात एका दारावर थाप मारायची सोय उरलेली नव्हती. ताई माझ्याकडे बघत नव्हती. ती दाराकडे बघत होती, आणि हलक्या आवाजात, एकेक शब्द वेगळा काढून म्हणाली, “तू म्हणाली होतीस कुणी येणार नाही.” मी म्हणाले होते.

मी दाराला कान लावला. आत कॉट करकरली. मग धप्प असं काहीतरी पडलं. थोड्या वेळानं पुन्हा धप्प. माझ्या डोळ्यांपुढे दसऱ्याचं ते कपाट आलं, आणि त्यावर आपटणारे आबा. आता त्यांचं वय झालंय, आता पडले तर उठायचे नाहीत. की त्यांनीच मुलाला—? नाही, हात ते कधी उगारत नाहीत. पण बांधून ठेवा म्हणाले होते, आणि त्यांना तसं म्हणताना मी ऐकलं होतं. पुन्हा धप्प. विक्रम कुजबुजला, “मी दार तोडतो.” ताईनं त्याला हातानं थांबवलं. तिनंही आता दाराला कान लावला होता, माझ्या कानाशेजारी. तिचा श्वास माझ्या गालाला लागत होता. तिच्या कपाळावरची आठी हळूहळू बदलत गेली. “गोधड्या आहेत,” ती म्हणाली. “गोधड्या टाकतायत अंगावर. एकावर एक. त्याला वजन लागतं, अंगावर वजन असलं की शांत राहतो. तो मागतो तसं. हात ओढून मागतो.” मग स्वतःशीच म्हणाली, “पण त्यांना कसं कळलं?”

हॉलमध्ये सगळं थांबलं होतं. कुणी कुणाला गप्प बसा म्हटलं नव्हतं. मुक्ताआत्यासुद्धा हातात पाण्याचा पेला घेऊन तशाच बसल्या होत्या. सृष्टी पाटावरून उठून आली होती, अक्षता अजून तिच्या केसांत. आणि मग आतून आबांचा आवाज आला. पुरा आवाज, उसापलीकडच्या गड्याला घातलेली हाक.

“दोन पानं आना गं हितं!”

ताईनं डोळे मिटले. मीही मिटले. ती किंकाळी आता येणार, आता येणार, म्हणून माझे खांदे कानांपर्यंत चढले होते. विक्रमनं भिंतीला हात टेकला. पंखा फिरत होता. पलीकडच्या इमारतीत कुणीतरी बादली सरकवली. किंकाळी आली नाही. आम्ही तरीही थांबलो. इतक्या वर्षांची सवय, इतक्या लवकर कसा विश्वास बसणार? ती आली नाही. त्याऐवजी पुन्हा आबाच ओरडले, आधीपेक्षाही मोठ्यानं.

“भागीला म्हनावं, तूच आन!”

ताईला भागी म्हटलेलं मी या घरात कधी ऐकलं नव्हतं. ताईचा चेहरा आधी कोरा झाला, आणि मग तिच्या हनुवटीपाशी काहीतरी थरथरलं. तिनं पदरानं नाक पुसलं. “केवढ्यानं ओरडतात,” ती म्हणाली, आणि स्वयंपाकघराकडे वळली. मी सवयीनं मागोमाग निघाले. ऋषीचा भात कुठल्या भांड्यात, आबांची पोळी दुधात भिजवायची, आमटी कोमट करायची, हे सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. तिनं वळून न बघताच म्हटलं, “तू बस, नम्रता. मला माहितीये.” मी पॅसेजमध्ये जमिनीवर बसले.

ती दोन पानं घेऊन आली. एकात नुसता कोरडा भात, दुसऱ्यात दुधात मऊ केलेली पोळी, वर तूप. दाराशी उभी राहिली. दोन्ही हात अडकलेले. मी उठून दार वाजवायला जाणार, एवढ्यात तिनं मानेनंच मला नाही म्हटलं. तिनं एक मोठा श्वास घेतला. ऋषी झाल्यापासून हिनं कधी आवाज चढवलेला मी ऐकला नव्हता. रागावली तरी ही बाई कुजबुजत रागावते. ती दारापाशी तोंड नेऊन, पार गळ्याच्या शिरा ताणून ओरडली:

“आबा, लग्नात असं ओरडायचं नाही!”

सृष्टीनं माझा खांदा घट्ट धरला. आत कॉट करकरली, कुणीतरी पाय घासत दारापर्यंत आलं, आणि आतून कडी निघाली.